काना-मात्रा जुळवणाऱ्या मुलांसाठी मराठी चित्रकथा हव्या आहेत

पाटीपेन्सिल

माझा भाचा दुसरीत आहे, सांगलीला, सेमी-इंग्रजी शाळेत. बोलायला लागला की थांबत नाही. आजोबांशी शेतावरच्या गप्पा, शेजारच्या काकूंची हुबेहूब नक्कल, सगळं खणखणीत मराठीत. पण पुस्तक उघडलं की तोच मुलगा खांदे पाडून बसतो. "क ला काना का... ग... द... कागद." बोट पुढे सरकतं, आवाज एकसुरी होतो, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते निसटलेलं असतं. "काय वाचलंस रे?" विचारलं की गप्प.

दिवाळीत तो माझ्याकडे आठ दिवस होता. कपाटाच्या खालच्या फळीवर चिंटूच्या संग्रहांची जुनी पुस्तकं आहेत. मी ती त्याला दिली नव्हती, त्यानेच एक ओढून काढलं आणि फरशीवर पालथा पडून बघत बसला. मी चकल्या तळत होते. थोड्या वेळाने अक्षरं जुळवल्याचा आवाज यायला लागला, म्हणून गॅस बारीक करून दाराशी गेले. चिंटूच्या बोलण्याच्या फुग्यात दोनच शब्द होते. ते त्याने आधी नेहमीसारखे एकेक अक्षर लावत वाचले. मग चित्रातल्या चिंटूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेच दोन शब्द पुन्हा म्हटले, या वेळी रडक्या सुरात. मग पुढच्या चौकटीवर बोट.

सूर बदलला म्हणजे अर्थ पोचला. पाठ्यपुस्तकातला एकही धडा त्याने असा सूर लावून वाचलेला मी तोवर ऐकला नव्हता.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे. मला जे उमगलंय ते असं: नव्याने वाचणाऱ्या मुलाची सगळी ताकद अक्षर ओळखण्यात खर्च होते. सलग परिच्छेदात कोण बोलतंय, कुठे उभं आहे, रागात आहे की लाडात, हेही त्याला त्याच अक्षरांतून काढावं लागतं. चित्रकथेत तो भार चित्र उचलतं. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याकडे वळलेली असते, त्यामुळे "असे तो म्हणाला" लागत नाही. फुग्यातलं वाक्य बोलण्यातलं असतं, त्याच्या कानाला सवयीचं असतं. आणि चौकट संपली की दम खायला जागा मिळते.

पण चिंटू काही अक्षरं जुळवणाऱ्यांसाठी काढलेला नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये तो सुरू केला तो घरातल्या सगळ्यांनी वाचावा म्हणून. अर्ध्या गमती शब्दांवरच्या कोट्यांत असतात, त्या भाच्याला कळत नाहीत. अमर चित्रकथा दिल्या. हनुमानाची चित्रं बघत तो अर्धा तास रमला. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा आपल्याच माणसांच्या हातची ती रेषा आहे, मूल रमणारच! पण भाषा भारदस्त आणि जोडाक्षरांची दाटी. चांदोबा, किशोर, चंपक हे सगळं वाचता येऊ लागल्यावरचं. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' त्याला फार आवडलं, तशी छोटी, नितळ वाक्यं मराठीत दुर्मीळ आहेत. मात्र ती चित्रपुस्तकं आहेत, त्यांची गंमत निराळी.

मला हवी आहे ती चौकटींची, फुग्यांची गोष्ट, जी काना-मात्रा नुकत्या शिकलेल्या मुलाला एकट्याने, मोठ्यांच्या मदतीशिवाय शेवटपर्यंत नेता येईल. कुणाला ठाऊक आहे का? आणि नसेल तर आपण घरी काय करू शकतो?

डोंबिवलीकर_जुना

धागा वाचून बालपणात गेलो. मी वाचायला शिकलो तो इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवर. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. वेताळ, मँड्रेक, पुढे बहादूर. आमच्या चाळीत एक अंक बारा घरांत फिरायचा, परत येईपर्यंत मुखपृष्ठ गळालेलं असायचं.

मोठा भाऊ वाचून दाखवायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून बघायचो. तो दोन पानं एकदम उलटायचा तेव्हा मी ओरडायचो, कारण मधली चौकट राहिली हे मला चित्रावरून कळायचं. अक्षर येण्याआधी मला चौकटींचा क्रम येत होता. पाटीपेन्सिल, तुमच्या भाच्याला सुरुवातीला असं मांडीवर घेऊन वाचून दाखवा. तुम्ही वाचायचं आणि बोट त्याने फिरवायचं.

अक्षरजुळारी

गेली बावीस वर्षं पुस्तकांची मांडणी करतो, म्हणून एक बाजू सांगावीशी वाटते. ती पालकांच्या सहसा लक्षात येत नाही, मुलाला मात्र पहिल्या पानापासून जाणवते.

इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक वेळा सगळी अक्षरं कॅपिटल असतात. त्यांना वर-खाली काही लटकत नाही, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवून बसवता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार, ऋकार. दोन ओळींत मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आता इंग्रजी मापाने आधीच काढलेल्या फुग्यात मराठी भाषांतर बसवायचं म्हटलं की अक्षर बारीक करण्यावाचून इलाज नसतो. एका अनुवादित चित्रकथेचं काम मी केलं होतं. वय पाच ते सात म्हणून छापलेलं पुस्तक, आणि फुग्यातलं अक्षर औषधाच्या चिठ्ठीएवढं. मी सांगून पाहिलं, पण चित्रं परत काढायला पैसे नव्हते. ते पुस्तक हातात घेतलं की अजून वाईट वाटतं.

मोठ्या माणसाला हा त्रास होत नाही. तो शब्दाचा आकार बघून पुढे जातो. अक्षर जुळवणारं मूल 'कि' आणि 'की' मधला फरक डोळे बारीक करून शोधत असतं. त्याला ती वेलांटी कुठल्या बाजूला आहे हे लख्ख दिसलं पाहिजे.

दुसरं, ल आणि श. शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात, २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी तेच प्रमाण ठरवले. पण कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे असतात. आपल्याला काही वाटत नाही, मूल मात्र "हे कुठलं अक्षर?" म्हणून अडतं. पुस्तक घेताना एक पान उघडून एवढं जरूर बघा.

रेघोटी

सगळ्यांचा उत्साह पाहून थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. माझी मुलगी पहिलीत असताना चित्रांची पुस्तकं "वाचायची", म्हणजे चित्र बघून सांगायची. मांजराचं चित्र, खाली 'मांजर' लिहिलंय, ही म्हणणार "माऊ". घोड्याच्या चित्राखाली 'घोडा पळाला' आणि ही "घोडा धावतोय". आम्ही कौतुक करत राहिलो. दुसरीत चित्रं कमी झाली तेव्हा कळलं की अक्षरांकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. पुढचे सहा महिने रोज अर्धा तास बसून सगळं पहिल्यापासून केलं, दोघींच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

चित्र भार उचलतं हे बरोबर. पण सगळाच भार चित्राने उचलला तर मूल अक्षराकडे कशाला जाईल?

पाटीपेन्सिल

रेघोटी, राग कसला, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रात्री तुमचा प्रतिसाद वाचून मी भाच्याचे व्हिडिओ पुन्हा लावून पाहिले. तुम्ही म्हणता तसं दोन ठिकाणी झालेलं आहे, त्याने 'चेंडू'ला सरळ "बॉल" म्हटलं आणि मी हसून सोडून दिलं होतं.

पण त्यातच एक गोष्ट दिसली. 'चेंडू' चित्रात होता, म्हणून अंदाज चालला. फुग्यातलं बोलणं त्याला अंदाजाने सांगता येत नाही. मुलगा दारात उभा आहे, आई बघते आहे, आईच्या डोक्यावर फुगा आहे. आता आई काय म्हणाली? ते चित्रात कुठेच नाही, त्यासाठी अक्षरंच वाचायला हवीत. म्हणजे जे चित्रात दिसतं तेच खाली लिहिलं तर मूल अक्षर टाळतं, आणि चित्राने प्रश्न उभा करून फुग्यात उत्तर ठेवलं तर मूल अक्षराकडे ओढलं जातं. आता पुस्तक निवडताना मी हे बघते आहे. तुमच्या मुलीला चौकटींच्या गोष्टी दिल्या होत्या की चित्राखाली ओळ असलेली पुस्तकं?

रेघोटी

चित्राखाली ओळ असलेलीच. फुग्यांचं पुस्तक तिच्या हातात तेव्हा पडलंच नव्हतं. तुम्ही म्हणता तो फरक पटतोय. धाकट्यावर करून बघते.

कुडाळची_बाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत. हा धागा कुणीतरी पाठवला, म्हणून खास सदस्य होऊन लिहिते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या लहानपणी पहिलीच्या पुस्तकात "कमल नमन कर", "छगन कमळ बघ" होतं ना? ती वाक्यं तशी का होती, तर त्यांत काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. नुसती मुळाक्षरं आली की वाचता येतात. युक्ती चांगली होती. पण कमल नमन का करते, कुणाला करते, छगनने कमळ बघून पुढे काय केलं, हे कुणालाच माहीत नाही. वाचता आलं, पण हाती काही लागलं नाही.

आता हे शब्द बघा: टपटप, गडगड, कडकड, खळखळ, सळसळ, फडफड, भणभण, वळवळ, झरझर, घरघर, पटपट, चमचम, दणदण, सरसर, थरथर. एकालाही काना-मात्रा नाही! मराठीत आवाजाचे आणि हालचालीचे असे शब्द ढिगाने आहेत आणि मूल शाळेत येण्याआधीपासून ते तोंडाने म्हणत असतं. चित्रकथेत आवाज मोठ्या अक्षरांत चित्रातच लिहायची रीत आहे. मुळाक्षरं आलेल्या मुलासाठी याहून सोपं दार मला तरी माहीत नाही.

मी फळ्यावर चार चौकटी आखते. पहिलीत काळा ढग आणि 'गडगड'. दुसरीत पळणारी मुलगी आणि फुग्यात 'पळ पळ'. तिसरीत तिरक्या रेघा, 'टपटप टपटप'. चौथीत कौलांचं घर, आत ताट, त्यातून वाफ, फुग्यात 'गरम वरण'. छगन-कमळच्याच अक्षरांत झालेली गोष्ट! शाळा सुरू झाली की दोन-अडीच महिन्यांत पहिलीची बरीच मुलं ही एकट्याने वाचतात, आणि 'गडगड' वाचताना मुद्दाम आवाज मोठा करतात. 'गडगड' मोठं लिहायचं, 'टपटप' बारीक आणि सुटं सुटं. अक्षराचा आकार बघून आवाज लहान-मोठा करायला सांगावं लागत नाही.

मग एकेक चिन्ह वाढवायचं. काना आला की 'धाडकन', 'खाडखाड', 'मामा आला'. उकार आला की 'सुळसुळ', 'गुणगुण', 'भुणभुण'. जोडाक्षरं आली की 'भुर्र', 'धप्प', 'गप्प', 'फुस्स'. जोडाक्षराची भीती 'धप्प'ने जशी जाते तशी 'राष्ट्र'ने जात नाही.

दुसरा खेळ. वर्तमानपत्रात येणाऱ्या चित्रमालिका कापून चौकटी सुट्या करायच्या आणि मुलांना क्रमाने लावायला द्यायच्या. कधी कधी क्रम माझ्यापेक्षा वेगळा लागतो आणि गोष्ट तरीही जुळते. तेव्हा मुलाला ती सांगायला लावते. दोन चौकटींच्या मधली जी कोरी पट्टी असते तिथे काय घडलं, हे मूल स्वतः भरतं. मुलगा झाडावर, पुढच्या चौकटीत गुडघ्याला पट्टी. पडला कधी? दाखवलेलंच नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचं, माझ्या फार जिव्हाळ्याचं. माझी मुलं घरी मालवणी बोलतात. धडा प्रमाण मराठीत असतो, तो असायलाच हवा. पण फुगा म्हणजे कुणाचं तरी बोलणं. गेल्या वर्षी एका मुलीला रिकामे फुगे भरायला दिले तर तिने आजीच्या फुग्यात लिहिलं, "खंय जातंस?" अनुस्वार बरोबर जागी दिला होता. मी तो फुगा तसाच भिंतीवर लावला. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी मुलगी होती ती.

अक्षरजुळारी

बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बिनकाना-मात्रांच्या शब्दांना शिरोरेषेच्या वर-खाली काहीच लागत नाही, म्हणजे ते फुग्यात मोठ्या अक्षरात बसतात. इतक्या वर्षांच्या कामात मला हे सुचलं नव्हतं. तुम्ही गोष्टी लिहिल्यात तर मांडणी मी विनामोबदला करून देईन, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

हडसनकाठची

न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा घेते, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आहे. आमची अडचण नेमकी उलटी. मुलं आठ-नऊ वर्षांची, इंग्रजी ग्राफिक पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचतात, चौकटी कशा वाचायच्या ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. देवनागरी मात्र नवी. त्यांना पहिलीचं पुस्तक दिलं की मोठी माणसं आपल्याला बाळ समजतात असं त्यांना वाटतं आणि पुस्तक मिटतं.

इथे नव्या वाचकांसाठी चित्रकथा हा स्वतंत्र विचार करून केलेला प्रकार आहे. फ्रान्स्वाझ मूली यांनी २००८ मध्ये 'टून बुक्स' सुरू केलं तेच मुळी वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या कॉमिक्ससाठी, पातळ्या ठरवून. त्यांतल्या 'बेनी अँड पेनी'च्या एका पुस्तकाला २०१० मध्ये गायझेल पुरस्कार मिळाला, जो नवशिक्या वाचकांच्या पुस्तकांसाठीच असतो. मो विलेम्सची हत्ती आणि डुकरीची पंचवीस पुस्तकं आहेत, २००७ ते २०१६ मधली. त्यांत जवळजवळ सगळी गोष्ट फुग्यांतच. हत्तीचा फुगा करडा, डुकरीचा गुलाबी, त्यामुळे कोण बोलतंय याचा गोंधळच होत नाही. बाई, रंगीत खडूने तुमच्या फळ्यावर हे सहज करता येईल.

आम्ही घरची प्रत घेऊन इंग्रजी फुग्यांवर पांढरे चिकट कागद लावतो आणि वर मराठी लिहितो. भाषांतर मुलंच सुचवतात. एका फुग्यासाठी "ए, थांब ना" की "अगं, थांब की" यावर वीस मिनिटं वाद झाला. इथे जन्मलेली मुलं 'ना' आणि 'की' वरून भांडत होती, मी नुसती ऐकत बसले.

आणि शब्द नसलेली पुस्तकंही वापरा. रेमंड ब्रिग्जचं 'द स्नोमॅन' १९७८ चं आहे, सगळं चौकटींत, एकही शब्द नाही. आजीसुद्धा नातवाला ते मराठीत "वाचून" दाखवू शकते. आमच्याकडे दाखवते.

निळी_छत्री

फुकट आणि लगेच हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी भरपूर. पातळी १ म्हणजे अगदी नव्याने वाचणाऱ्यांसाठी. परवाना मुक्त आहे, उतरवून छापता येतं, शब्द बदलून आपली आवृत्तीही करता येते. बहुतेक चित्रपुस्तकं आहेत, पण मी मुलाबरोबर छापील पानांवर पेनने फुगे काढले. पात्र काय बोलत असेल ते तो सांगतो, मी लिहिते, मग तोच वाचतो. स्वतः सांगितलेलं वाक्य असल्याने अडला तरी सोडत नाही.

पाटीपेन्सिल

महिन्याभराने लिहिते आहे.

मध्ये शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आले. बाईंची पावसाची गोष्ट जाड कागदावर काढून नेली होती, फुगे मोठे, अक्षर बोटाएवढं. त्याच्या हातात देऊन मी मुद्दाम उठून गेले. 'गडगड' त्याने असं वाचलं की वहिनी आतून बघायला आली. 'गरम वरण'ला थांबला, चित्रातल्या वाफेकडे बघितलं, आणि विचारलं, "तूप नाही का घातलं?" वाचून झाल्यावर आपण होऊन पुन्हा पहिल्या चौकटीवर गेला. ही गोष्ट त्याच्यासाठी जरा सोपी आहे हे मला माहीत होतं. पण सोपं, पूर्ण आणि स्वतःचं असं वाचन त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन माझ्यापुढे उभा. म्हणे, आत्या, कुत्रा बाहेरच राहिला. मी कुत्रा काढलाच नव्हता. त्याने काढला होता, तिसऱ्या चौकटीत, पावसाच्या रेघांखाली, चार पाय आणि शेपूट. मग पाचवी चौकट त्याने स्वतः आखली. दार, दारात आजी, उंबऱ्यापाशी भिजलेला कुत्रा. फुगा आधी काढला आणि त्यात 'आत' लिहिलं. पेन्सिल उचलून धरली आणि मला विचारलं, "ये ला एक मात्रा की दोन?"

एक, म्हटलं. त्याने ती दिली, आणि फुग्याची शेपटी ओढत ओढत आजीच्या तोंडापर्यंत नेली.

अक्षरजुळारी, कुडाळच्या बाई, पाचही चौकटींचे फोटो उद्या इथे टाकते. मांडणीचं पुढे कसं करायचं ते ठरवू.